पुरानंतरचं वर्ष

पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांना कुठलीही जुनी गोष्ट विचारली की ती आधी तिची जागा ठरवतात: पुराआधीची की पुरानंतरची. आमच्या घरात लग्नं, मुंजी, बाळंतपणं, नोकऱ्या, सगळं याच हिशेबाने लावलेलं आहे. पूर म्हणजे पानशेतचा. 12 जुलै 1961, बुधवार. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, कुठला पूल बुडाला, कुणी कुणाला दोर टाकून ओढून घेतलं, हे पुणेकरांना पाठ आहे. आमच्या घरच्या थोरांनी मात्र मला त्या दिवसापेक्षा त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल जास्त सांगितलं. पाणी रात्रीपर्यंत उतरलं. आमच्या घराला पुन्हा घरपण यायला दुसरा पावसाळा उजाडला. धरणाची हकिकत छापून आलेली आहे, चौकशीचा अहवालही आहे. ते वर्ष मात्र माणसांच्या तोंडीच राहिलं, आणि ती माणसं आता एकेक करून चालली आहेत.

धरणाचं थोडक्यात सांगते. पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण. काम 1957 मध्ये सुरू झालेलं, आणि मुळात ठरलं होतं त्याच्या एक वर्ष आधी, 1961च्या पावसाळ्यातच, त्यात पाणी साठवायला घेतलं. भरावाखालून पाणी सोडायची जी मोरी असते तिचं काम पुरं झालेलं नव्हतं. पावसाने जोर धरला, मोरीतून सुटणाऱ्या पाण्याचे हादरे बसू लागले आणि तिच्या वरचा भराव खचत गेला. 11 तारखेला लष्कराच्या जवानांनी पोती भरभरून खचलेल्या जागी रचली. त्या पोत्यांवर धरण सकाळपर्यंत तगलं, म्हणून पुण्यात पाणी शिरलं ते दिवसाउजेडी. अंधारात शिरलं असतं तर आमच्या घरातलं कोण उरलं असतं, हा प्रश्न आजी दर जुलैमध्ये एकदा तरी विचारायची, आणि त्या जवानांसाठी देवापुढे साखर ठेवायची. खालचं खडकवासला, 1879चं दगडी धरण, वरून आलेला लोंढा काही तास छातीवर घेऊन उभं राहिलं आणि दुपारी तेही गेलं.

आमचं घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. घर म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या, भाड्याच्या. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. मोठे काका चौदा वर्षांचे, आत्या नऊ वर्षांची, माझे वडील आजीच्या कडेवर. पालख्या काही दिवसांपूर्वीच पुण्यातून पुढे गेल्या होत्या. वाड्याच्या चौकात वारकरी उतरले होते, आजीने आणि शेजारणींनी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. पूर थोडे दिवस आधी आला असता तर चौकभर माणसं झोपलेली असती, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

दहाच्या सुमारास गल्लीत आरडाओरडा झाला. आजीने चुलीवरची आमटी उतरवली, झाकण ठेवलं, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण ओच्यात घेतले आणि मुलांना घेऊन निघाली. कुलूप लावायला अण्णा मागे वळले तेव्हा बोळात घोट्याएवढं पाणी होतं. अर्धं पुणं पर्वतीकडे चालत होतं, तशी हीही मंडळी पर्वतीवर गेली. ती रात्र तिथेच काढली. काकांच्या आठवणीत तिथून दिसणारं पाणी आहे, आत्याच्या आठवणीत फक्त भूक आहे. कुणीतरी हातावर ठेवलेले ओले चुरमुरे.

आता चिखलाबद्दल सांगायला हवं. पुराच्या गोष्टीत लोक पाण्याबद्दल सांगतात, पण ज्यांनी घरं साफ केली त्या बायका चिखलाबद्दल बोलतात. आजी सांगायची, पाणी उतरल्यावर खोलीचं दार उघडेना, कारण आतून मांडीएवढा गाळ दाराला टेकून बसलेला. काळपट, चिकट, आणि त्याला वास. भिजलेल्या धान्याचा, रॉकेलचा, मेलेल्या जनावरांचा. त्यात तिने हात घालून घर शोधलं. पितळी डबे मिळाले, एक परात मिळाली, पाटा मिळाला, वरवंटा नाही. ट्रंकेत लग्नाचा शालू होता. तो धुवायला घेतला तर जर हातात सुटून आली आणि कापड तसंच गळून गेलं. फोटोंचे नुसते पुठ्ठे राहिले होते. आजी-अण्णांच्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चुलीपाशी ती आमटीची पातेली होती तिथेच सापडली, झाकणासकट, आत वरपर्यंत गाळ. ती पातेली आजीने घासून पुन्हा वापरात घेतली, पण तीत आमटी कधी केली नाही.

चौथ्या दिवशी वाड्याची मागची बाजू बसली. पुण्यातले कितीतरी वाडे असे पाणी गेल्यानंतर पडले. खाली दगडी जोतं, वर मातीच्या भिंती आणि लाकडाचा सांगाडा. माती पाणी पिऊन फुगते आणि ऊन पडलं की सुटते. मालकांनी हात जोडून सांगितलं, आता इथे कुणी राहू नका. त्यांचंही सगळं गेलेलं होतं. दोन पिढ्या एका विहिरीचं पाणी प्यालेली कुटुंबं एका दुपारी पांगली. कुणी कोथरूडला नातेवाइकांकडे, कुणी थेट सांगलीला, आणि आमची माणसं सदाशिव पेठेतल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात, आणखी सहा बिऱ्हाडांबरोबर.

पाण्याने गाव बुडालं आणि प्यायला पाणी नव्हतं. पुण्याला पाणी खडकवासल्याचं, आणि तेच धरण फुटलेलं. नळ कोरडे, वीज नाही. मग जुन्या वाड्यांतल्या विहिरी उपसल्या, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ घालून आणलेल्या पाण्याचे हौद पुन्हा कामाला आले. दोनशे वर्षांपूर्वीचं ते पाणी लोक कळशी-कळशी घेऊन गेले. अण्णांना इतिहासाची ओढ. शाळेतल्या त्या वर्गात रात्री कंदील बारीक केला की ते मुलांना लाकडी पुलाची गोष्ट सांगत. पानिपतानंतर, 1761 मध्ये, पेशव्यांनी तो पूल घाईने बांधून घेतला. हरून आलेल्या लोकांना भर दिवसा नेहमीच्या वाटेने शहरात शिरायला लाज वाटू नये म्हणून, असं जुने लोक सांगत. म्हणजे बरोबर दोनशे वर्षं झाली. काका म्हणतात, अण्णांनी ती गोष्ट त्या महिन्यात इतक्या वेळा सांगितली की मुलांना वाटायला लागलं, पानिपत आणि पानशेत ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. मला वाटतं, अण्णांना त्या गोष्टीत स्वतःसाठी काहीतरी सापडत होतं. शहर याआधीही एकदा घरोघरच्या माणसांना मुकलं होतं आणि तरी टिकलं होतं.

त्यांचा छापखाना वाहून गेला नव्हता. यंत्रं जड, ती जागची हलली नाहीत. पण खिळ्यांच्या केसेस पाण्यात उलट्यापालट्या झाल्या. देवनागरीच्या केसमध्ये किती खण असतात हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल काय झालं ते. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, कान्यामात्रांचे, वेलांट्या-उकारांचे खिळे, सगळं एका काळ्या राड्यात मिसळलं. मालकांनी पगार अर्धा केला आणि जुळाऱ्यांना सांगितलं, जमेल तसं वेगळं करा. अण्णा सकाळी जात, चिखलाची घमेली चाळणीत ओतत, वरून पाणी सोडत. चाळणीत खिळे उरले की एकेक उचलून डोळ्याजवळ नेऊन वाचायचा, कारण खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि चिखल बसला की 'प' आणि 'ष' सारखेच दिसतात. मग तो आपल्या खणात टाकायचा. हे काम दिवाळीच्या पुढेही चाललं. काका शाळा सुटल्यावर मदतीला जात. त्यांची बोटं शिशाने काळी झालेली असत आणि आजी त्यांना तसं ताटावर बसू देत नसे. वयाच्या ऐंशीच्या घरातही काका एखादा छापलेला कागद हातात आला की आधी त्यावरून बोट फिरवतात.

गणपती सप्टेंबरात आले. त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसला की नाही यावर काका आणि आत्या यांचं आजवर एकमत झालेलं नाही. काका म्हणतात, नाही. घर नसताना कसला गणपती. आत्या ठामपणे सांगते की बसला होता, वर्गातल्या मास्तरांच्या टेबलावर, सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक, आणि मोदक नव्हते म्हणून गूळखोबऱ्याचा नैवेद्य. मी दोघांचंही लिहून ठेवलं आहे. आत्याच्या सांगण्यात टेबलाच्या कोपऱ्यावर कोरलेल्या नावापर्यंत तपशील आहे, म्हणून मन तिच्याकडे झुकतं.

शाळा रिकामी करून द्यावी लागली आणि मग शहराबाहेरच्या माळावर पत्र्याची बराक मिळाली. अर्धगोल छपराची, लष्करी धाटणीची. लोक तिला निसेन हट म्हणत, आजी नुसती 'हट' म्हणायची. एका हटमध्ये मधे तट्ट्या लावून बिऱ्हाडं. दुपारी पत्रा तापे, रात्री थंडीने वाजे. 1961ची दिवाळी तिथे झाली. आजीने एकच गोष्ट केली: माळावरून शेण आणून हटच्या दारापुढे हातभर जागा सारवली आणि तीवर रांगोळी काढली. शेजारच्या हटमधल्या बायकांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेपुढे सारवण होतं.

कागदपत्रांची कथा वेगळीच. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं होतं. ते आधी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेले, शहर ठाऊक असलेले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात आजही आदराने बोललं जातं. पुढच्याच वर्षी ते पुण्यातून आमदार झाले तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. पण वर माणूस चांगला असला तरी खाली खिडकीशी रांग असते. पूरग्रस्त असल्याचा दाखला हवा, त्यासाठी पंचनामा हवा, पंचनाम्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि पुरावा पाण्यात गेलेला. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, काही नाही. अण्णा एका कचेरीत चपला झिजवत राहिले. शेवटी आजी गेली. तिने ती गाळाने भरलेली पातेली, तेव्हा अजून न घासलेली, पदराखाली धरून नेली होती असं आत्या सांगते. दाखला मिळाला. पातेलीमुळे की वाड्याच्या मालकांनी दिलेल्या चिठ्ठीमुळे, हे मला ठरवता येत नाही. मालकांची चिठ्ठी मात्र खरी आहे, ती काकांकडे आहे. अमुक इसम माझे वाड्यात इतकी वर्षे राहत होते, भाडे कधी थकले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पूर सगळ्यांना सारखा आला, वर्ष सारखं आलं नाही. ज्यांच्याकडे थोडी शिल्लक होती, शिक्षण होतं, चार ओळखी होत्या, त्यांनी सहकारी सोसायट्या केल्या, सरकारकडून भाडेपट्ट्याने जमीन घेतली, कर्ज उभं केलं. सहकारनगर असंच वसलं. आमच्यासारख्यांना गोखलेनगरला खोली मिळाली. आणि ज्यांचं हातावर पोट होतं त्यांतल्या पुष्कळांना नुसता ओटा मिळाला, म्हणजे जोत्यापुरतं बांधकाम. त्यावर भिंत आणि छप्पर ज्याने त्याने करायचं. पुण्याचा नकाशा त्या वर्षी पालटला तो याच पायऱ्यांनी. नदीच्या काठी एका बोळात राहणारी माणसं वेगवेगळ्या माळांवर गेली, आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे गेली. वाड्यांत सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. तिथेही कोण पुढच्या सोप्यात आणि कोण मागच्या अंगणात हे ठरलेलं होतं. पण निदान विहीर एक होती.

फेब्रुवारी 1962 मध्ये अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत, जगबुडी होणार, अशी देशभर हवा होती. ठिकठिकाणी यज्ञ चालले होते. हटच्या रांगेतल्या बायका मात्र मुळीच घाबरल्या नाहीत, हे आत्याला लख्ख आठवतं. त्यातली एक म्हातारी म्हणाली होती, आमची बुडी झाली, आता ज्यांची राहिलीय त्यांची होऊ दे. ज्या दिवशी जग बुडायचं होतं त्या दिवशी त्या सगळ्या माळावर वाळवणं घालत बसल्या होत्या.

गोखलेनगरची खोली पाडव्यानंतर मिळाली. टेकडीच्या पायथ्याला बैठ्या खोल्यांच्या रांगा. पुढे पडवीएवढी जागा, मागे मोरी, नळ सामाईक, संडास सामाईक आणि लांब. झाड एकही नाही. चतुःशृंगीकडून वारा सुटला की धूळ थेट तव्यावर. विंचू निघत. नारायण पेठेत ज्या बाईला दळण, भाजी, देऊळ, शाळा सगळं हाकेच्या अंतरावर होतं, तिला इथे साध्या कोथिंबिरीसाठी अर्धा तास चालावं लागे. अण्णा भल्या पहाटे टेकडीच्या कडेने फर्ग्युसन रस्त्याला उतरत, डेक्कनवरून लाकडी पूल ओलांडून छापखान्यात जात. बसचे पैसे वाचवायचे म्हणून. पुलावर आले की ते पाण्याकडे बघत नसत, असं त्यांनी स्वतः काकांना सांगितलं होतं.

पण त्या खोलीच्या कागदावर अण्णांचं नाव होतं. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाच्या नावावर चार भिंती नव्हत्या. आजीने आयुष्यभर वाड्याची आठवण काढली, तिथल्या पारिजातकाची, तिथल्या शेजारणींची. पण परत जावंसं वाटतं का असं विचारलं की ती नाही म्हणायची. तिथे भिंतीत खिळा ठोकायला मालकांना विचारावं लागायचं.

शेजारच्या खोलीत एक म्हातारबाबा होते. आमच्या घरात त्यांना सगळे बाबाच म्हणत. ते मूळचे आंबी खोऱ्यातले. पानशेत बांधायला घेतलं तेव्हा त्यांचं शेत आणि घर पाण्याखाली जायच्या हद्दीत आलं. मोबदल्याचे पैसे थोडे, ते भावाभावांत वाटले गेले, आणि बाबा पोरांना घेऊन पुण्यात हमालीला आले. नदीकाठी एक खोली मिळाली. ती खोली बुधवारी गेली. आत्याने मला त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: "धरण बांधलं तवा रान गेलं, धरण फुटलं तवा खोली गेली." एवढंच म्हणायचे आणि बिडी पेटवायचे. पुण्याच्या पुराबद्दल मी जे जे वाचलं त्यात शहराचं नुकसान आहे, आणि ते खरंच मोठं आहे. पण ज्या गावांच्या रानावर ते पाणी साठलं होतं त्यांची नोंद त्या हकिकतीत क्वचित सापडते. धरण पुढे पुन्हा बांधलं गेलं, त्याचं पाणी पुण्याला आजही येतं. नळ सोडताना बाबांचं ते रान मला आठवतं. ते मी कधी पाहिलेलं नाही, कुणाला दाखवताही येणार नाही, पण ते आहे, त्या पाण्याखाली.

बाबांनीच गोखलेनगरला पहिली झाडं लावली. कडुनिंब आणि शेवगा. शेतकऱ्याचा हात, दगड फोडून खड्डे केले, अंघोळीचं पाणी वळवलं. आजीने त्यांच्याकडून पारिजातकाची फांदी लावायला घेतली, ती जगली नाही, पुन्हा लावली. 1962चा पाऊस आला तेव्हा आजी पहिल्या सरीला खोलीत उभी राहून छपराकडे बघत होती. गळलं, दोन जागी. तिने तिथे परात आणि पातेली ठेवली. 12 जुलैला तिने स्वयंपाक लवकर उरकला, सगळ्यांना दहाच्या आत जेवायला घातलं आणि दारात बसून राहिली. अण्णांनाही कामावर जाऊ दिलं नाही. संध्याकाळी बाबांच्या घरून पिठलं आलं आणि मग तिने दिवा लावला. त्याच आठवड्यात तिने माहेरी कार्ड पाठवलं, त्यात प्रथमच नवा पत्ता घातला. त्याआधी वर्षभर ती अण्णांच्या छापखान्याचाच पत्ता द्यायची.

आता त्या रांगांच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. पूरग्रस्तांच्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न सुटायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. कागद हाती आले तेव्हा ज्यांच्या नावे ते निघायला हवे होते ती माणसं बहुतेक गेलेली होती. काका इमारतीच्या बाजूने आहेत. गुडघे दुखतात, लिफ्ट हवी, संडास घरात हवा, आणि त्यांचं बरोबर आहे. आत्याची हरकत नाही, पण तिने सभेत एक मागणी लेखी दिली आहे: बाबांचा कडुनिंब आराखड्यात जसाच्या तसा दाखवायचा आणि त्याच्याभोवती पार बांधायचा. बिल्डरच्या माणसाने तिथे पार्किंग येतं असं सांगितलं. आत्या सही करायची थांबली आहे, आणि रांगेतल्या आणखी अकरा घरांनी तिच्यामागे सही रोखून धरली आहे.